पिशवी काढल्यानंतर पॅपचा रिपोर्ट बिघडला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पिशवी काढली, आता कटकट संपली,’ असं ऑपरेशननंतर घरातले सगळेच म्हणतात. मग कधीतरी अंगावरून पांढरं जातं म्हणून, किंवा हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये होती म्हणून पॅप (पेशींची तपासणी) केली जाते आणि रिपोर्टवर न कळणारी चार अक्षरं येतात. खालचे प्रश्न त्या दिवसापासूनचे आहेत. ही उत्तरं वाचून तपासणी टळणार नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि सोबत कोणता कागद न्यायचा, एवढं नक्की कळेल.

पिशवीच राहिली नाही, मग पॅप कशाची घेतली?

योनीच्या वरच्या टोकाची. पिशवी आणि तिचं तोंड काढलं की योनीचा वरचा भाग टाके घालून बंद करतात. त्या शिवलेल्या छताला डॉक्टर ‘व्हॉल्ट’ म्हणतात आणि तिथल्या पेशींच्या तपासणीला ‘व्हॉल्ट स्मिअर’. आपण मात्र सरसकट पॅपच म्हणतो, आणि त्यात फारसं चुकत नाही. ज्यांच्यावरून हे नाव पडलं त्या जॉर्ज पापानिकोलाऊंनी हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबर १९४१ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातल्या पेशी योनीतल्या स्रावातूनच घेतलेल्या होत्या. पिशवीच्या तोंडावरून पेशी खरवडून घ्यायची पद्धत त्यानंतरची.

माझी पिशवी ‘पूर्ण’ काढली की तोंड ठेवलं, हे मला कसं कळणार?

डिस्चार्ज कार्डवर ‘टोटल’ लिहिलं असेल तर तोंडासकट निघाली. ‘सबटोटल’ किंवा ‘सुप्रासर्व्हायकल’ लिहिलं असेल तर तोंड जागेवर आहे. ऑपरेशन खालून झालं असेल तर तोंडही निघालेलं असतं, अपवाद फार थोडे. पोट उघडून किंवा दुर्बिणीतून झालं असेल तर दोन्ही शक्यता असतात. बाळंतपणात रक्तस्राव थांबेना म्हणून घाईने काढलेली पिशवी बरेचदा तोंड ठेवूनच काढलेली असते, आणि त्या धावपळीत हे बाईला सांगायचं राहून जातं.

कागद नसेल तरी अडत नाही. डॉक्टरांनी स्पेक्युलम (योनी उघडून धरायचं साधन) लावून पाहिलं की मिनिटभरात कळतं. तोंड शिल्लक असेल तर तुमच्यासाठी नियम पिशवी असलेल्या बाईचेच: ठरलेल्या वेळी तपासणी, आणि रिपोर्ट बिघडला तर त्याचा पाठपुरावाही तसाच. या पानावरचं पुढचं बरंचसं लिखाण तोंडासकट पिशवी निघालेल्यांसाठी आहे. अंडाशय काढले की ठेवले हा वेगळा मुद्दा आहे, तो कोरडेपणाच्या प्रश्नात येईल.

रिपोर्ट असामान्य आला म्हणजे कॅन्सर झाला का?

नाही. पॅप ही चाळणी आहे, निदान नव्हे. काचेवर पसरलेल्या पेशींपैकी काही नेहमीसारख्या दिसत नाहीत, एवढंच ती सांगते. का दिसत नाहीत, याची कारणं बरीच असतात: पाळी गेल्यावर आलेला कोरडेपणा, जंतुसंसर्ग, टाक्यांच्या जागी चाललेली भरणी, पूर्वी घेतलेलं रेडिएशन, लैंगिक संबंधातून पसरणारा एचपीव्ही विषाणू, त्या विषाणूमुळे योनीच्या त्वचेत झालेला पूर्वकर्करोग बदल (अजून कर्करोग नाही, पण पुढे होऊ शकतो असा). सगळ्यात शेवटी आणि क्वचित, कर्करोग. योनीचा कर्करोग मुळातच दुर्मीळ आहे. स्त्रियांच्या जननमार्गाच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा १ ते २ टक्क्यांच्या आसपास असतो.

१९९६ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या, कर्करोगाशी संबंध नसलेल्या कारणांसाठी पिशवी काढलेल्या बायकांचे ९,६१० स्मिअर त्यात पाहिले होते. त्यांतले साधारण १ टक्का असामान्य निघाले, आणि योनीचा कर्करोग त्यांतल्या एकीलाही सापडला नाही. हा आकडा ‘साध्या कारणांसाठी’ या शब्दांवर उभा आहे, म्हणून तो स्वतःला लावून पाहण्याआधी तुमच्या ऑपरेशनचं कारण माहीत हवं. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

रिपोर्टवरच्या अक्षरांचा अर्थ काय?

‘एनआयएलएम’ म्हणजे काही सापडलं नाही. हा चांगला रिपोर्ट आहे, पण पूर्ण नाव इतकं लांबलचक की त्यालाच घाबरलेल्या बायका असतात. ‘एएससी-यूएस’ म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसल्या, पण बघणाऱ्याला खात्रीने काही म्हणता आलं नाही. असामान्य रिपोर्टांमध्ये हाच सगळ्यात जास्त वेळा येतो आणि कोरडेपणामुळेही येतो. ‘एलएसआयएल’ म्हणजे सौम्य बदल, बहुतेक वेळा एचपीव्हीच्या ताज्या संसर्गाची खूण. ‘एचएसआयएल’ म्हणजे ठळक बदल, आणि ‘एएससी-एच’ म्हणजे तसा बदल असल्याची शंका. या दोन रिपोर्टांवर थांबून राहायचं नाही, दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कॉल्पोस्कोपी, करून घ्यायची.

‘अनसॅटिसफॅक्टरी’ म्हणजे नमुना वाचण्यासारखा नव्हता. तो वाईट रिपोर्ट नसतो, पण चांगलाही नसतो. तपासणी पुन्हा करावी लागते.

आणखी एक ओळ बायकांना छळते: ‘एंडोसर्व्हायकल पेशी आढळल्या नाहीत.’ त्या पिशवीच्या तोंडाच्या पेशी. तोंडच नाही, तर त्या येणार कुठून? ही ओळ खुशाल सोडून द्या. पण लॅबला पिशवी काढल्याचं कळवलंच नव्हतं, असा अंदाज तिच्यावरून बांधता येतो. पुढच्या वेळी फॉर्मवर ते ठळक लिहून घ्या.

उलटंही होतं. पिशवी नसताना ‘ग्रंथीपेशी दिसल्या’ असं येतं. त्या नुसत्या दिसल्या असतील आणि पुढे ‘सौम्य’ म्हटलं असेल तर काही करावं लागत नाही. पिशवी काढलेल्या बायकांत अशा पेशी सापडतात. ‘असामान्य ग्रंथीपेशी’ म्हटलं असेल तर मात्र नीट तपासणी हवी.

डॉक्टर सारखं विचारतात, ‘पिशवी का काढली होती?’ मला नीट आठवत नाही. त्याने काय फरक पडतो?

सगळा फरक तिथेच पडतो. एकच एएससी-यूएस दोघींना आला, एकीची पिशवी साध्या गाठींसाठी (फायब्रॉइड) काढलेली आणि दुसरीची तोंडावरच्या पूर्वकर्करोग बदलासाठी, तर पहिलीला बहुधा ‘सहा महिने-वर्षाने पुन्हा बघू’ सांगतील आणि दुसरीची तपासणी लवकर आणि जास्त बारकाईने होईल. आजच्या रिपोर्टवरच्या अक्षरांपेक्षा त्या जुन्या कारणाला जास्त वजन आहे, आणि आपल्याकडे नेमका तोच कागद घरात सापडत नाही.

‘कॅन्सर होऊ नये म्हणून काढली,’ असं पुष्कळ बायका सांगतात. या वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ असू शकतात. एक, बायॉप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) खरोखरच ‘सीआयएन २’ किंवा ‘सीआयएन ३’, म्हणजे तोंडावरचा पूर्वकर्करोग बदल, सापडलं होतं. दोन, अंगावरून पांढरं जात होतं, सोनोग्राफीत ‘सूज’ दिसली आणि ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ असं कुणीतरी सांगितलं. पहिलं निदान आहे. दुसरी नुसती भीती आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कितीतरी जणींनी हेच कॅन्सरच्या भीतीचं कारण सांगितलं. अनावश्यक ऑपरेशनांवर देखरेख ठेवण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अंमलात आणाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. पण ज्यांची पिशवी आधीच निघाली त्यांच्यापुढे प्रश्न उरतो तो हा: नेमकं काय होतं मला?

मग तो कागद शोधायचा कुठे?

डिस्चार्ज कार्डपेक्षा महत्त्वाचा कागद म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट. काढलेली पिशवी लॅबमध्ये तपासून दिलेला तो अहवाल असतो. त्यात तोंडाबद्दल काय लिहिलं आहे ते बघायचं. ‘क्रॉनिक सर्व्हिसायटिस’ असेल तर ती जुनी सूज, कर्करोगाशी संबंध नाही. ‘सीआयएन’ आणि त्यापुढे आकडा असेल, किंवा ‘डिस्प्लेसिया’ हा शब्द असेल, तर तो कागद लॅमिनेट न करता दोन झेरॉक्स काढून ठेवा. लॅमिनेट केलेले कागद काही वर्षांनी पिवळे पडतात आणि त्यावर डॉक्टरला काही लिहिताही येत नाही.

कपाटात नसेल तर आधी दवाखान्यात विचारा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी किमान ३ वर्षं ठेवायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. तीन वर्षं उलटून गेली म्हणून फाइल नसेलच असं धरून बसू नका. दवाखाना बंद झाला असेल तर त्यांचे नमुने कोणत्या लॅबमध्ये जायचे ते गावातल्या जुन्या मेडिकलवाल्याला किंवा तिथे काम केलेल्या सिस्टरला बरेचदा माहीत असतं. मेडिक्लेम केला असेल, नवऱ्याच्या कंपनीतून बिल मिळालं असेल, किंवा सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं असेल, तर क्लेमच्या फाइलला हे कागद जोडलेले असतात. बायकांच्या आजाराचे कागद घरात कुठेही पडलेले असतात, पण पैशाचे कागद पुरुषांनी जपून ठेवलेले असतात. तिथे हात घालून बघा.

काहीच सापडलं नाही तर तसं स्पष्ट सांगा. इतिहास माहीत नसेल तर डॉक्टर सावध बाजू धरतात आणि तपासण्या चालू ठेवतात. आठवत नसताना ‘गाठी होत्या’ असं अंदाजाने सांगू नका.

अमेरिकेतल्या नणंदेला पिशवी काढल्यावर डॉक्टरांनी पॅप बंद करायला सांगितलं. मला इथे दर वर्षी का करायला लावतात?

नणंदेची पिशवी तोंडासकट निघाली असेल आणि आधी कधी पूर्वकर्करोग बदल नसेल तर तिच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. तिथल्या मार्गदर्शक सूचना तशाच आहेत. अशा बाईत योनीचा कर्करोग इतका क्वचित होतो की दर वर्षी स्मिअर घेऊन काही वाचत नाही. खोट्या धोक्याच्या घंटा मात्र वाजत राहतात, आणि प्रत्येक घंटेमागे पुढच्या तपासण्या, खर्च आणि महिनाभराची उडालेली झोप येते.

आपल्याकडे पॅप बरेचदा पॅकेजमध्ये असते म्हणून केली जाते. तुमचं कारण गाठी, जास्त रक्तस्राव किंवा अंग बाहेर येणं हेच होतं याची कागदावर खात्री असेल, तर ‘मला ही तपासणी खरंच हवी का?’ असं डॉक्टरांना विचारा. यात उद्धटपणा नाही. पण एकदा झालेली पॅप असामान्य आली असेल, तर ‘मुळात करायलाच नको होती’ असं म्हणून ती फाइलमध्ये दडवायची नाही. तिचा छडा लावायचा.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगासाठी ज्यांची पिशवी काढली, त्यांच्या पाठपुराव्यातही नियमित पॅपचा फारसा उपयोग होत नाही. तिथे लक्षणं आणि डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी जास्त कामाची.

माझी पिशवी सीआयएन ३ साठी काढली. आजाराचं मूळच गेलं, तरी तपासणी किती वर्षं?

दीर्घकाळ. २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार सीआयएन २, सीआयएन ३ किंवा त्याहून गंभीर बदलाच्या उपचारांनंतर आधी दर वर्षी एक अशा ३ एचपीव्ही-आधारित तपासण्या आणि त्या ठीक आल्या तर दर ३ वर्षांनी एक, असं किमान २५ वर्षं चालू ठेवायचं असतं. वयाची पासष्टी उलटली तरीही. आपल्याकडचे डॉक्टर यात थोडाफार फरक करतात, पण ‘पिशवी गेली, आता येऊ नका’ असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

कारण असं की एचपीव्ही फक्त पिशवीच्या तोंडावर बसत नाही. तोच विषाणू योनीच्या त्वचेतही असू शकतो. तोंडावरचा बदल कधी कधी ऑपरेशनच्या आधीच योनीच्या वरच्या भागात उतरलेला असतो आणि शिवताना टाक्यांच्या दोन्ही कोपऱ्यांत दुमडला जातो. म्हणून तपासताना डॉक्टर ते कोपरे मुद्दाम उलगडून पाहतात.

डॉक्टरांनी फक्त क्रीम लिहून दिलं आणि नंतर पुन्हा या म्हणाले. टाळाटाळ करताहेत का?

नाही, विचार करून दिलेला सल्ला आहे. पाळी गेल्यावर, किंवा पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले असतील तर लगेचच, शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं. योनीची त्वचा पातळ, कोरडी होते आणि तिच्या पेशी काचेवर अशा काही दिसतात की खऱ्या बदलाचा भास होतो. योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम काही आठवडे वापरलं की त्वचा पुन्हा भरते आणि पुढचा स्मिअर स्वच्छ वाचता येतो. कित्येक एएससी-यूएस इथेच मिटतात. पॅपच्या आधी दोन दिवस मात्र क्रीम, योनी आतून धुणं आणि शरीरसंबंध बंद ठेवायचे.

स्तनाचा कर्करोग झाला असेल किंवा त्याच्या गोळ्या चालू असतील, तर हे क्रीम सुरू करण्याआधी त्या डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. संसर्ग असेल तर आधी त्याचा उपचार होतो. ऑपरेशनला थोडेच महिने झाले असतील तर टाक्यांच्या जागी लाल, नाजूक मांस वाढलेलं असू शकतं. त्यातून रक्ताळ पाणी जातं. दवाखान्यातच सिल्व्हर नायट्रेट लावून ते जाळतात, पाच मिनिटांचं काम.

कॉल्पोस्कोपी करायला सांगितलीय. फार दुखतं का?

पॅपसारखंच टेबलावर झोपायचं, स्पेक्युलम लावतात. दुर्बीण बाहेरच असते, आत जात नाही. हे आधी कुणी सांगत नाही आणि बायका नुसत्या मशीनला बघूनच आखडतात. आत आधी व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावतात, ते थोडं झोंबतं. बदललेली त्वचा त्याने पांढरी पडते. मग आयोडीन लावतात. निरोगी त्वचा गडद तपकिरी होते आणि बदललेली जागा फिकट राहते. कोरडी त्वचाही फिकट राहते, म्हणून आधी क्रीम दिलेलं असतं.

शंकेची जागा दिसली तर तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. योनीच्या वरच्या भागाला दुखण्याची जाणीव कमी असते, त्यामुळे चिमटा बसल्यासारखं वाटून बहुतेक वेळा निभावतं. लागलं तर भूल मागा. तेवढा हक्क आहे. नंतर दोन-चार दिवस थोडं लाल किंवा आयोडीनचं तपकिरी जातं. पॅड वापरा, आणि संबंध किती दिवस टाळायचे ते विचारून घ्या, साधारण आठवडाभर सांगतात.

संबंध थांबून बरीच वर्षं झाली असतील, किंवा पूर्वीच्या तपासणीत त्रास झाला असेल, तर सुरुवातीलाच सांगा. लहान स्पेक्युलम असतो, वंगण असतं, आणि ‘थांबा’ म्हटलं की थांबायला हवं. बहीण किंवा मुलगी आत सोबत असलेली चालते का, हेही विचारता येतं.

बायॉप्सीत ‘व्हीएआयएन’ आलं. हे काय?

डॉक्टर त्याला ‘वेन’ म्हणतात. योनीच्या त्वचेत झालेला पूर्वकर्करोग बदल. म्हणजे कर्करोग नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. त्याच्या तीन पायऱ्या असतात. वेन १ बरेचदा आपोआप ओसरतं, म्हणून नुसती नजर ठेवतात. वेन २ आणि ३ वर सहसा उपचार करतात, कारण उपचाराविना सोडलं तर काही जणींत पुढे कर्करोग होऊ शकतो. तो काही आठवड्यांत होत नाही, त्यामुळे दोन डॉक्टरांची मतं घ्यायला वेळ असतो. दिवाळीनंतर, मग मुलीच्या परीक्षेनंतर असं ढकलत न्यायला मात्र नको.

उपचार तीन तऱ्हांचे. तेवढा भाग कापून काढणं: टाक्यांच्या कोपऱ्यात काही लपलं असेल किंवा आत कर्करोगाची शंका असेल तर हाच बरा, कारण काढलेला भाग तपासता येतो. लेझरने जाळणं: ठिपके अनेक ठिकाणी असतील आणि सगळे नीट दिसत असतील तर. आणि औषधी क्रीम, इमिक्विमोड किंवा फ्लुरोयुरासिल: त्याने आग होते, आजूबाजूची त्वचा सोलवटते, म्हणून वेळापत्रक डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणेच पाळायचं. क्वचित आतून रेडिएशन देतात.

वेन परत येऊ शकतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. परत आलं म्हणजे पहिला उपचार चुकला असं नव्हे.

यानंतर संबंध ठेवता येतील का?

हा प्रश्न बायका उठून दारापर्यंत गेल्यावर विचारतात. येतील. लेझर किंवा क्रीमनंतर त्वचा भरून आली की बहुतेकींना अडचण येत नाही. भाग कापून काढला असेल तर योनी थोडी आखूड होऊ शकते, म्हणून कापण्याआधी ‘किती लांबी कमी होईल?’ हे विचारा. वय साठ असलं तरी विचारा. तुम्हाला गरज नसेल असं समोरच्याने गृहीत धरू नये. नंतर त्रास झाला तर वंगण, इस्ट्रोजेन क्रीम आणि डायलेटरचा (योनी हळूहळू सैल करायच्या साधनाचा) उपयोग होतो.

मी रेडिएशन घेतलं आहे. माझा रिपोर्ट पुन्हा पुन्हा बिघडतो.

रेडिएशनने पेशींचं रूप कायमचं बदलतं आणि त्या वर्षानुवर्षं विचित्र दिसतात. असा स्मिअर वाचणं अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही अवघड जातं, आणि लॅबला रेडिएशनची माहिती नसेल तर अशक्यच. शक्यतो जिथे उपचार झाले तिथेच पाठपुरावा ठेवा. दुसरीकडे मत घ्यायचं असेल तर फक्त रिपोर्ट नको, काचा आणि तपासलेल्या तुकड्यांचे मेणाचे ठोकळेही मागून घ्या. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी ते मागतातच.

एचपीव्ही निघाला. म्हणजे यांनी बाहेर काही केलं का?

या रिपोर्टवरून ते कळत नाही. एचपीव्ही इतका सर्रास आढळतो की लैंगिक संबंध आलेल्या बहुतेकांना तो कधी ना कधी होऊन जातो, कळतही नाही. दहातल्या नऊ वेळा शरीर दोनेक वर्षांत त्याला हटवतं किंवा दाबून टाकतं. दाबलेला विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहून, वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर पुन्हा तपासणीत दिसू शकतो. वीस वर्षांपूर्वीचा असेल, त्याहून जुना असेल, लग्नाआधीचा असेल, कुणाकडून आला ते कोणतीही लॅब सांगू शकत नाही. नवऱ्याला सांगायचं असेल तर ‘जुना विषाणू आहे, पुष्कळांना असतो, माझी तपासणी चालू आहे’ एवढं पुरेसं आहे. विधवा आणि एकट्या राहणाऱ्या बायकांकडे हा रिपोर्ट बघून वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. ती नजर अज्ञानाची असते.

माझ्या हातात काही आहे का?

तंबाखू सोडणं. धूम्रपानामुळे हा विषाणू शरीरात टिकून राहतो, हे पक्कं माहीत आहे. मशेरीने तोंडाचा कर्करोग होतो, तेवढं कारण ती सोडायला पुरे. एचआयव्ही असेल, किडनी बदलली असेल, स्टेरॉइड दीर्घकाळ चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, कारण तुमच्या तपासण्या जास्त वेळा होतील. काढे, योनी धुण्याची पावडरं आणि कोरफडीचा गर आत ठेवण्याचे सल्ले मोबाइलवर फिरतात. पेशींचा बदल त्याने जात नाही, आणि आतली त्वचा खराब झाली तर पुढचा स्मिअर आणखी बिघडतो.

आशाताई म्हणाल्या, पिशवी काढलीय तर शिबिरात यायची गरज नाही.

शिबिरापुरतं त्यांचं बरोबर आहे. गावपातळीवर ३० ते ६५ वयाच्या बायकांची जी तपासणी होते, ती पिशवीच्या तोंडाला आम्ल लावून पाहायची. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये हीच तपासणी प्रशिक्षित कार्यकर्तींकडून करवली, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एचपीव्ही तपासणीचा मोठा प्रयोग झाला, तोही जगभर नावाजला गेला. पण ही सगळी आखणी तोंड असलेल्या बायकांसाठी. तुमचं तोंड काढलेलं आहे, आणि जुना इतिहास सीआयएनचा आहे किंवा रिपोर्ट बिघडला आहे, तर तुम्हाला हा कार्यक्रम शोधत येणार नाही. तुम्हालाच जिल्हा रुग्णालयातल्या किंवा मेडिकल कॉलेजातल्या स्त्रीरोग विभागात जावं लागेल. तिथे कॉल्पोस्कोपी कोणत्या वारी असते ते आधी विचारून जा, नाहीतर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात.

कर्करोग निघालाच आणि दाखल होऊन उपचार घ्यावे लागले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. बाह्यरुग्ण विभागातल्या साध्या तपासण्यांचा खर्च मात्र बहुतेक वेळा स्वतःचा असतो.

पॅप नॉर्मल आली, पण संबंधानंतर रक्त जातं.

तर नॉर्मल पॅपवर विसंबू नका. पिशवी काढल्यावर अंगावर लाल जाणं, दुर्गंधीचं पाण्यासारखं जाणं, आत गाठ हाताला लागणं किंवा ओटीपोटात सतत दुखणं यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहायला हवं, रिपोर्ट काहीही असो. अंडाशय ठेवलेले असतील तर त्यांच्या आजारांबद्दल पॅप काहीच सांगत नाही, हेही लक्षात असू द्या.

रिपोर्ट आल्यापासून झोप नाही. घरात सांगितलं तर सगळे हबकतील.

एकीला तरी सांगा, जिला सांगितल्यावर धीर मिळेल अशी. जावेला सांगायचं की बहिणीला, ते तुम्हीच ठरवा. पुढची तारीख ठरल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. ‘बघू पुढे’ या शब्दांनी जेवढी झोप उडते तेवढी बायॉप्सीच्या तारखेने उडत नाही. रात्री रिपोर्टवरचे शब्द मोबाइलवर शोधणं थांबवता आलं तर थांबवा, कारण तिथे सापडतं ते जवळजवळ सगळं पिशवीच्या तोंडाबद्दल असतं, जे तुम्हाला लागू नाही. भीती आवरत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फोन फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं.

मुलीला एचपीव्हीची लस देऊ का? मीही घेऊ का?

मुलीला द्या. ९ ते १४ वयात दोन डोस, त्यानंतर तीन. पुण्याच्या सेरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस २०२३ पासून बाजारात आहे. लस घेतली तरी तिशीनंतर तिने तपासणी करायचीच, आणि घरात सून असेल तर तिनेही. तुमचा आत्ताचा बदल किंवा आधीपासूनचा संसर्ग लसीने बरा होत नाही. उपचारानंतर तुम्ही घ्यावी का, हे तुमचं वय आणि बायॉप्सी पाहून कॉल्पोस्कोपी करणारे डॉक्टर सांगतील.